न दुखणारी जखम

“बाहेर कुठे जाता का?” डॉक्टरांनी विचारलं, आणि श्यामसुंदरला वाटलं, ते गावाबिवाला जाण्याबद्दल विचारतायत. “मे महिन्यात कणकवलीला जाऊन आलो,” तो म्हणाला. डॉक्टर हसले नाहीत. हातमोजे काढून त्यांनी डब्यात टाकले आणि बेसिनपाशी हात धूत, आरशातूनच त्याच्याकडे बघत म्हणाले, “तसं नाही. बायकोशिवाय दुसरीकडे. स्पष्ट सांगा, इथे लाजायचं काही नाही.” भांडुपच्या त्या त्वचारोगाच्या दवाखान्यात सकाळचे साडेअकरा वाजले होते. पडद्यापलीकडे कुणीतरी बाई फोनवर मेथीची जुडी निवडून ठेवायला सांगत होती. श्यामसुंदर पँटचं बक्कल लावत उभा होता. “नाही,” तो म्हणाला. पण हे एवढं एका शब्दाचं उत्तर द्यायला आपण जरा जास्तच वेळ घेतला, हे त्याच्या लक्षात आलं. डॉक्टरांच्याही आलं असावं, कारण त्यांनी पुढे काही न विचारता रक्ताच्या तपासण्यांची यादी लिहिली, एक इंजेक्शन लिहिलं, आणि कागद त्याच्या हातात देताना तो एका कोपऱ्याने धरून दिला.

जखम तशी लहान होती. वाटाण्याएवढी, शिश्नाच्या टोकापाशी, कडा थोड्या उचललेल्या, मधे ओलसर लाल. पंधरा दिवसांपूर्वी आंघोळ करताना त्याला ती पहिल्यांदा दिसली होती, आणि दिसली म्हणूनच कळली, कारण ती दुखत नव्हती. हेच त्याला सगळ्यात चमत्कारिक वाटत होतं. सत्तेचाळीस वर्षांत त्याला पुष्कळ लागलं होतं; लिफ्टच्या दोरांनी तळहात सोलले होते, एकदा मोटरच्या पट्ट्यात नख गेलं होतं. प्रत्येक जखम दुखली होती, आणि दुखली म्हणून त्याची होती. ही मात्र कुणीतरी आणून ठेवल्यासारखी होती. तो तिला बोटाने हलकेच दाबून बघे. काही नाही. मग तो पाण्याचा नळ सोडून नुसताच उभा राही आणि पाण्याच्या आवाजात आपण कुठे आहोत हेच त्याला काही क्षण आठवत नसे.

रिपोर्ट आले ते सगळे स्वच्छ आले. एच.आय.व्ही. नाही, गरमी म्हणजे सिफिलिसही नाही. “चांगलं आहे,” डॉक्टर म्हणाले, पण चेहऱ्यावरून ते नाराज वाटले. गोळ्या बदलल्या. आणखी तीन आठवडे गेले. वाटाण्याचा चिंचोका झाला. याच दिवसांत त्याच्या बायकोला, सुलक्षणाला, कपाटातल्या वर्तमानपत्राखाली ठेवलेला तो कागद सापडला. ती पालिकेच्या शाळेत कारकून होती, कागद वाचायची तिला सवय होती. तिने तो पूर्ण वाचला, घडी होती तशीच घालून पुन्हा तिथेच ठेवला, आणि संध्याकाळी तो घरी आल्यावर विचारलं, “तुम्हाला काय झालंय?” तो म्हणाला, “कातडीचं आहे. उष्णतेचं.” ती म्हणाली, “उष्णतेला एच.आय.व्ही.ची तपासणी करतात?” त्याने सांगितलं, ती नॉर्मल आली. सुलक्षणाने त्याच्याकडे बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता. एखाद्या ओळखीच्या गल्लीत शिरावं आणि तिथलं दुकान बंद होऊन दुसरंच काही उघडलेलं दिसावं, तशी ती बघत होती. “तपासणी का करावीशी वाटली, ते विचारतेय मी,” ती म्हणाली. आतल्या खोलीतून भाऊ, त्याचे वडील, खोकत म्हणाले, “काय रे श्याम, बरा नाय तुका?” आणि दोघंही एकदम म्हणाले, “काही नाही, भाऊ.” त्या दिवसापासून ती आतल्या खोलीत भाऊंच्या पलंगाशेजारी झोपू लागली. भाऊंना रात्री पाणी लागतं, असं तिने सांगितलं. ते खरंही होतं.

श्यामसुंदर कामावर जात राहिला. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, दहिसर इथल्या जुन्या इमारतींच्या लिफ्टची देखभाल तो सव्वीस वर्षं करत होता. माणसं लिफ्ट खालून बघतात, तो वरून बघे. गच्चीवरच्या त्या खोल्यांना मशीन रूम म्हणतात. लोखंडी शिडी, गंजलेलं दार, आत मोटर, फिरणारं चाक, आणि तुटलेल्या झडपांतून येणारी कबुतरं. दुपारी सगळी इमारत जेवून सुस्त झालेली असताना तो तिथे एकटा बसलेला असे. चाक फिरे, थांबे. कुणीतरी चौथ्या मजल्यावरून खाली चाललं, कुणी पहिल्यावरून सातव्यावर आलं; चेहरे दिसत नसत, नुसतं वजन कळे. झडपांतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात पांढरट धूळ तरंगत राही. खाली वीतभर जाडीचा कबुतरांच्या विष्ठेचा थर, वाळून भुगा झालेला. त्यातच काटक्या, पिसं, कधी एखादं अंडं. मोटरपर्यंत पोचायला तो थर खराट्याने बाजूला सारावा लागे. मग दम लागे. दमा त्याला लहानपणापासून होता, आणि त्यावरच्या बारीक पांढऱ्या गोळ्या तो गेली चार वर्षं डॉक्टरला न विचारताच घेत आला होता. गोळी घेतली की तासाभरात छाती मोकळी होई, अंगात हलकेपणा येई, आणि कबुतरांचं घुमणं आपल्याच छातीतून येतंय असं वाटू लागे. त्या अवस्थेत बसलं की वर्षं एकमेकांत मिसळत. तो मुलुंडच्या मशीन रूममध्ये असे आणि त्याच वेळी दहिसरच्याही.

दहिसरची ती इमारत चेकनाक्याच्या अलीकडे होती, सात मजली. सातव्या मजल्यावरच्या बाईंची तक्रार होती की मोटरच्या आवाजाने त्यांची भिंत थरथरते. बाईंचं नाव कुंदा. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, घरी बसून त्या शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासत. श्यामसुंदरने मोटरखाली रबर बसवलं. आवाज कमी झाला का ते बघायला तो त्यांच्या घरी गेला, भिंतीला हात लावून उभा राहिला. त्याही उभ्या राहिल्या. “अजून आहे,” त्या म्हणाल्या. त्याच्या हाताला काहीच जाणवत नव्हतं, पण तो म्हणाला, “हो, थोडी आहे.” बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पुढे चार महिने दर पंधरवड्याला ती भिंत थरथरत राहिली. त्या चार महिन्यांत तीनदा. तीनच. नंतर त्याने तो भाग दुसऱ्या मेकॅनिककडे, केतनकडे, दिला, कारण सांगितलं की लांब पडतं. कुंदाने एकदाही फोन केला नाही. या गोष्टीला घरात, कामावर, कुठेच काही खूण नव्हती. कधी कधी ती आपण कल्पनेतच रचली असावी, इतकी ती त्याला हलकी वाटे. आणि आता ही जखम आली होती. बारा वर्षांनी असं काही उगवत नाही, हे त्याला माहीत होतं. डॉक्टरांच्या रिपोर्टातही तेच होतं. तरी मशीन रूममध्ये बसल्यावर त्याला वाटे, रिपोर्टांना काय कळतं. ही तिथूनच आली. इतकी वर्षं शरीरात वाट काढत, मजले उतरत, बरोबर त्याच जागी येऊन थांबली. या विचाराने त्याला भीती वाटायला हवी होती. वाटायची ती एक प्रकारची सुस्ती, शेवटी हिशोब कुणीतरी केला याची.

गोळ्यांनी गुण येईना, तेव्हा डॉक्टरांनी त्याला मुलुंडच्या एका सर्जनकडे पाठवलं. त्यांनी दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी उभं करून बघितलं. ते मितभाषी होते. “मला हे कॅन्सरसारखं दिसतंय,” ते म्हणाले. “दिसतं तेच निघालं तर पुढचा भाग काढावा लागेल. अर्धा तरी. उशीर केला तर पूर्ण.” त्यांनी जागा बधिर करून जखमेच्या कडेचा एक लहानसा तुकडा काढला आणि काचेच्या बाटलीत टाकला, पाण्यासारख्या औषधात तो सावकाश गोल फिरत तळाशी गेला. ऑपरेशनची तारीखही धरून ठेवली, पुढच्या शुक्रवारची, म्हणजे रिपोर्ट आला की वेळ जायला नको. “मिसेसना घेऊन या. सही लागेल,” ते म्हणाले. श्यामसुंदर बाहेर पडला. रस्त्यावर नोव्हेंबरचं ऊन होतं. एका नारळवाल्यापाशी तो थांबला, शहाळं प्यायला, मलई खाल्ली. आपल्याला आत्ता काहीतरी प्रचंड वाटायला हवं, असं त्याच्या मनात येत होतं, पण मलईची चवच तेवढी जिभेवर होती. लहानपणी परळच्या चाळीत भाऊ गिरणीतून आले की त्यांच्या भुवयांवर, कानांच्या केसांवर कापसाचे तंतू असत, आणि तो ते चिमटीने काढी. भाऊ डोळे मिटून बसत. छातीतले तंतू मात्र तिथेच राहिले. त्यांचा खोकला अजून गिरणीचा होता. बापाचा आजार सगळ्या चाळीला सांगता येण्यासारखा होता. हा कुणाला सांगायचा?

त्याने सुलक्षणाला सांगितलं, कारण सही लागणार होती. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. “अर्धा म्हणजे,” ती म्हणाली, आणि सुरी ताटात ठेवली. मग तिने विचारलं, “दुखतंय का?” “नाही,” तो म्हणाला. “अजिबातच नाही?” “अजिबात नाही.” तिने मान हलवली आणि उरलेली भाजी चिरली. शुक्रवारी रजा टाकते, असं म्हणाली. कोल्हापूरला शिकत असलेल्या मुलीला, जान्हवीला, काय सांगायचं यावर दोघांचं एकमत झालं: हर्निया.

बुधवारी दुपारी तो घाटकोपरला एका इमारतीत असताना फोन आला. बाईंचा आवाज होता, मध्यमवयीन, थोडा घोगरा. “श्यामसुंदर तावडे? मी डॉक्टर शर्मिष्ठा. तुमचा तुकडा माझ्याकडे तपासायला आलाय. तुम्ही आत्ता कुठे आहात?” त्याने सांगितलं. “मग जवळच आहात. येऊन जा. आणि एक सांगा, तुम्ही काम काय करता?” तो म्हणाला, लिफ्टचं. मागे कबुतरं घुमत होती. “हा आवाज कसला?” त्यांनी विचारलं. “कबुतरं,” तो म्हणाला. “मशीन रूममध्ये असतात.” “हं,” डॉक्टर म्हणाल्या. “या तुम्ही.”

प्रयोगशाळा एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होती. डॉक्टर शर्मिष्ठा पुढच्या वर्षी निवृत्त होण्याच्या वयाच्या, केस बारीक कापलेल्या, चष्मा गळ्यात लोंबणारा. त्यांनी त्याला बसवून एकामागून एक प्रश्न विचारले, आणि त्यातला एकही प्रश्न त्याला लाज वाटावी असा नव्हता. किती वर्षं हे काम? तोंडाला फडकं बांधता का? दम्याच्या गोळ्या कुठल्या? किती? चार वर्षं, रोज? कुणी सांगितल्या? डोकं दुखतं का, उजेड खुपतो का, उलट्या? वजन? तो उत्तरं देत गेला. आपलं आयुष्य असं कुणाला सलग ऐकवण्याची ही पहिलीच वेळ, असं त्याला वाटलं. मग त्यांनी त्याला पडद्याआड नेऊन जखमेची कड हलकेच खरवडली, तो ओलसर अंश काचपट्टीवर घेतला आणि त्यावर शाईचा एक थेंब सोडला. साधी काळी शाई. वरून पातळ काच ठेवली. स्वतः बघितलं, भिंग थोडं फिरवलं. “बघायचंय?” त्या म्हणाल्या.

त्याने डोळा लावला. आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग काळोख, सगळीकडे सारखा पसरलेला, आणि त्या काळोखात लहान लहान गोल, प्रत्येकाभोवती उजळ, रुंद वलय. काही एकेकटे, काही जोडीने. एकाच्या कडेला छोटासा कोंभ फुटलेला. ते किंचित हलत होते. गावी थंडीत अंगणात झोपल्यावर चंद्राला खळं पडलेलं दिसे, आई म्हणे, आता मळभ येणार. तसं खळं या प्रत्येकाला होतं. इतके चंद्र एकाच वेळी. तो बघतच राहिला. आपण जिचा इतके दिवस विचार केला ती जखम आतून अशी शांत, अशी देखणी असेल, हे त्याला खरं वाटेना. “हे काय आहे?” त्याने विचारलं.

“बुरशी,” डॉक्टर म्हणाल्या. “क्रिप्टोकोकस नाव. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत वाढते. धुळीबरोबर श्वासातून छातीत जाते. बहुतेकांना काही होत नाही, शरीर तिला तिथल्या तिथे दाबून टाकतं. तुम्ही चार वर्षं स्टेरॉइड खाऊन शरीराचे हात बांधून ठेवलेत. मग ती रक्तातून फिरते. मेंदूत जाते, कातडीत जाते. या जागी क्वचित. इतकं क्वचित की मीसुद्धा आतापर्यंत पुस्तकातच बघितलं होतं. तुकड्यातही हीच दिसली, वेगळ्या रंगात. कॅन्सर नाही. काहीही कापायचं नाही. तुमच्या सर्जनशी मी बोलते.”

श्यामसुंदरने विचारलं, “हे कुणापासून लागतं?” आणि मग, “म्हणजे, माणसापासून?”

“नाही. माणसापासून माणसाला लागत नाही. तुमच्या पत्नीला धोका नाही.” चष्मा गळ्यात सोडत त्यांनी विचारलं, “तुम्हाला भलतंच काही विचारलं का कुणी?”

“सगळ्यांनीच,” तो म्हणाला.

पुढचे दहा दिवस तो रुग्णालयात होता. पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढलं. त्यात बुरशी निघाली नाही, आणि तेव्हा पहिल्यांदा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की निघाली असती तर जिवावर बेतलं असतं. छातीच्या स्कॅनमध्ये उजव्या बाजूला सुपारीएवढी एक गाठ होती, तिथून ती पुढे गेलेली. रोज घ्यायच्या कॅप्सूल सुरू झाल्या, निदान सहा महिने, मधे मधे यकृताची तपासणी. पांढऱ्या गोळ्या एकदम बंद करता येत नव्हत्या. त्या पायरी पायरीने कमी करायच्या, त्यांच्या जागी श्वासातून ओढायचा पंप. या दिवसांत तो बराच वेळ झोपेच्या काठावर असे. खिडकीबाहेर एक पिंपळ होता. त्याला वाटे, आपण एका थांबलेल्या लिफ्टमध्ये आहोत, दोन मजल्यांच्या मधे, आणि घाई कुणालाच नाही. जखमेकडे तो आता बघत नसे. ती आपली नव्हती, कुंदाची नव्हती, शिक्षा नव्हती. मुलुंडच्या किंवा अंधेरीच्या किंवा कुठल्याही गच्चीवरच्या धुळीचा एक कण होता. कुणी काही केलं म्हणून ती आली नव्हती. या गोष्टीने हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्याखाली एक रिकामी जागा होती, जिथे इतके दिवस शिक्षा बसलेली होती.

सुलक्षणा रोज शाळा सुटल्यावर डबा घेऊन येई. डॉक्टरांनी तिलाही सगळं समजावून सांगितलं होतं. चौथ्या दिवशी ती खुर्ची ओढून बसली, डबा उघडलाच नाही. “मी तुमचं ताट वेगळं घासत होते,” ती म्हणाली. “वेगळ्या घासणीने. टॉवेल डेटॉलमध्ये बुडवत होते. भाऊंना पाणी लागतं म्हणून आत झोपले, तेही खोटं. मला किळस यायची. तुमची.” तिने डबा मांडीवर घेतला. “आणि तुम्ही काहीच केलेलं नव्हतं. मला माफ करा.” तिने त्याच्या पायाला चादरीवरून हात लावला. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा घोरत होता.

इथे गप्प राहणं किती सोपं आहे, हे त्याला स्वच्छ दिसलं. कागदोपत्री तो निर्दोष होता. सुईने, शाईने, रंगाने तपासून निर्दोष. तो काही बोलला नसता तर ती उरलेलं आयुष्य त्याला थोडं अधिक जपत राहिली असती. ते जपणं त्याला आधीच अंगावर जाणवू लागलं, दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं. “सुलक्षणा,” तो म्हणाला, “हा आजार त्यातला नाही. पण मी निर्मळ नाही.” मग त्याने दहिसरचं सांगितलं. थोडक्यात, सजवून नाही. कधी, किती महिने, किती वेळा. ती ऐकत होती. मधे एकदा तिने डब्याची कडी लावली, जी लागलेलीच होती.

“बारा वर्षं,” ती म्हणाली. “जान्हवी तेव्हा दुसरीत होती.”

“हो.”

“आजारी पडला नसता तर सांगितलं असतंत?”

त्याने खरोखर विचार केला. “नाही,” तो म्हणाला.

ती उठली, डबा त्याच्या कपाटावर ठेवला आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्याही. डबा, धुतलेले कपडे, भाऊंची खुशाली. यापलीकडे शब्द नाही. घरी आल्यावरही तसंच. ती आतल्याच खोलीत झोपत होती, पण आता भाऊंना पाणी लागतं असं म्हणत नव्हती. एक दिवस भाऊ तिच्याकडे बघत त्याला म्हणाले, “मिटव रे बाबा काय ता. माका ह्या घरात आवाज नसलो की खोकूक पण भय वाटता.” सुलक्षणा उठून आत गेली. जखम मात्र भरत होती. कडा खाली बसल्या, मधलं लाल फिकं झालं, जानेवारीच्या शेवटी त्या जागी नुसता एक पांढुरका, चुरगळलेल्या कागदासारखा डाग उरला. त्या डागाला, गंमत म्हणजे, स्पर्श कळत होता. कंपनीने त्याला मशीन रूमच्या कामातून काढून कार्यालयात बसवलं. दुपारी त्याला चाकाचा आवाज नाही म्हणून झोप येत नसे.

फेब्रुवारीत तपासणीला घाटकोपरला जायचं होतं, आणि सुलक्षणा न विचारता बरोबर आली. सगळं नीट होतं. बाहेर पडल्यावर ती फुटपाथवर थांबली. “ती बिल्डिंग दाखवा मला,” ती म्हणाली. त्याने कुठली असं विचारलं नाही. घाटकोपरहून मेट्रो, गुंदवलीला गाडी बदलून दहिसर. दुपारची वेळ, डबा जवळजवळ मोकळा. काचेबाहेर इमारतींचे मधले मजले नजरेच्या उंचीवर सरकत होते: वाळत घातलेल्या साड्या, तुळशीच्या कुंड्या, एका गॅलरीत केस वाळवणारी बाई. सुलक्षणा ते सगळं नीट बघत होती. उतरून ते चेकनाक्याच्या बाजूला चालत गेले. एक वळण, दुसरं वळण. मग श्यामसुंदर थांबला.

इमारत नव्हती. तिथे निळे पत्रे उभे होते, पुनर्विकासाचा फलक, आणि पत्र्यांच्या फटीतून दिसणारा मोठा खड्डा, तळाशी हिरवट पाणी. त्याला आधी वाटलं आपण गल्ली चुकलो. पण समोरचं दळणाचं दुकान तेच होतं. सुलक्षणाने त्या दुकानातल्या माणसाला विचारलं, इथले लोक कुठे गेले. तो म्हणाला, कोण कुठे, कोण कुठे, दोन वर्षं झाली पाडून. सातव्या मजल्यावरच्या बाई? माहीत नाही ताई.

ती परत त्याच्यापाशी आली. “कुठे होतं घर?”

त्याने मान वर केली. आकाश रिकामं, पांढरट होतं. त्याने मनात मजले मोजले, एकावर एक, आणि हात उचलून हवेतल्या एका जागेकडे बोट केलं. “तिथे.”

सुलक्षणाने कपाळावर हात धरून तिकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्याचा हात दुखायला लागला, पण त्याने तो खाली घेतला नाही.

“खिडकी कुठल्या बाजूला होती?”

“पूर्वेला.”

“म्हणजे दुपारी उजेड कमीच असणार.”

“कमी होता,” तो म्हणाला.

तिने मान हलवली. मग त्याचं मनगट धरून तिने त्याचा हात सावकाश खाली आणला, आणि सोडून दिला. “चला,” ती म्हणाली, “मला भूक लागलीय.” ती पुढे चालायला लागली. दोन दुकानं पुढे गेल्यावर ती थांबली, वळून उभी राहिली, आणि तो येईपर्यंत तिथेच थांबली.